शेवटच्या पानावरचा कर

१२ सप्टेंबर २०००, मंगळवार

आज परत आठ टक्के. त्या आकड्याचं थोबाड बघायची इच्छा राहिली नाही.

शुक्रवारी मी माझ्या हातानं शून्य करून आले होते. आज केजला उतरले, धोंडप्पाकाकांच्या कापडदुकानामागच्या खोलीत मशीन लावलं, फोनच्या लाइनीची कुईकुई ऐकून घेतली आणि आमच्या इंटरनेटवरच्या दुकानाचं शेवटचं पान उघडलं. घोंगडी साडेचारशे, टपाल चाळीस, विक्रीकर छत्तीस. अगं बया! हातमागाच्या घोंगडीवर कर नाही, हे आम्ही वकिलाकडं जाऊन विचारून आलोत. आबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतात, चिंचोक्याची खळ लावतात, चार-चार दिवस एका घोंगडीला घालवतात. तिच्यावर कसला डोंबलाचा कर?

शिवानी म्हणाली, "बबे, लोक सगळं बघतात. आबांचा फोटो बघतात, पत्ता लिहायच्या पानापर्यंत येतात. तिथं कर दिसला की पळतात. या महिन्यात तीनच गेल्या."

तीन. आणि आबांनी दिलेलं गाठोडं कधीचं माडीवर पडून आहे.

नवी वही काढलीच आहे तर नीट लिहून ठेवते. दुकान माझं आणि शिवानीचं, दोघींचं. अंबाजोगाईच्या हॉस्टेलात तीन वर्षं आम्ही एका खोलीत होतो. ती लिंगायत वाण्याची, मी धनगराची. तिला वास सहन होत नाही म्हणून तीन वर्षं मी मटणाला शिवले नाही, सुट्टीत घरी गेले तरीसुद्धा. आई म्हणायची, पोरगी बाटली. मशीन आणि फोन तिच्या वडिलांचा, म्हणजे धोंडप्पाकाकांचा, घोंगडी माझ्या वडिलांची. आबांचा मागावरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'विणणार : सिदू, नांदूरघाट'. ऑर्डर शिवानीच्या ईमेलवर येतात, ती बांधून व्ही.पी.नं पाठवते, पोस्टमन पैसे घेऊन माल देतो. मी मंगळवारी आणि शुक्रवारी येते आणि दुकानाची पानं सांभाळते.

आणि खरी गोष्ट ही की दर साली दिवाळीच्या तोंडावर आबा आणि आई टोळीबरोबर ऊस तोडायला जातात. यंदा मी आडवी आले. म्हटलं, मुकादमाची उचल घेऊ नका, दिवाळीपर्यंत मागावर बसा, मी विकून दाखवते. आबा बसले. दिवाळीपर्यंत विकलं नाही तर मेंढरं विकायची, मागाचा खड्डा बुजवायचा आणि दोघांनी कोयता घ्यायचा, असं ठरलंय. त्या छत्तीस रुपयांवर माझ्या घराचं सगळं अडकलंय.

शून्य करून आले. बघू.


१५ सप्टेंबर, शुक्रवार

परत आठ!

एस.टी.डी. बूथवरून पुण्याला त्रिंबकला फोन लावला. हा प्रोग्राम त्यानंच लिहून दिलाय. ऑगस्टात त्याचा प्रोग्राम टपालखर्चावरसुद्धा कर लावत होता, ते मीच पकडलं होतं, म्हणून आज मी जरा तोऱ्यातच बोलले. तो बोलतो असा, की नुकताच झोपेतून उठलाय आणि परत झोपायला जाणार आहे. म्हणाला, "मॅडम, कर असा मधूनच येत नाही. मालाच्या पानावर प्रकार निवडायचा असतो. हातमाग निवडलं की शून्य, गिरणी निवडलं की आठ. तुमच्याकडं गिरणी निवडलेलं आहे."

"मी हातमाग निवडलेलं."

"मग परत निवडा."

परत निवडलं. नाकानं कांदे सोलतो मेला. पुण्याचा आहे ना.


२२ सप्टेंबर, शुक्रवार

मंगळवारी एस.टी. चुकली. आज गेले तर गिरणी. काही केल्या विश्वास बसेना, डोळे चोळून बघितलं.

शिवानीनं मग डोकं चालवलं. म्हणाली, "अगं, लाइट! इथं दिवसातनं चारदा लाइट जाते. मशीन धाडकन बंद पडतं आणि सगळं जुनं परत येतं." हे माझ्या कसं ध्यानात आलं नाही? कॉम्प्युटरचा डिप्लोमा मी केला आणि बुद्धी तिची चालली. तिला मिठीच मारली. ती जरा अंग चोरून बसली. दमली असेल, दुकानात गिऱ्हाईक लई होतं.

निघताना म्हणाली, "बबे, आबांच्या नावाच्या पट्ट्या अजून दोनेकशे करून आण ना. कर एकदा सुटला की माल उठेल, मग घाई नको." किती पुढचा विचार करते. माझं अक्षर चांगलं म्हणून पट्ट्या मीच लिहिते, कापडाच्या पट्टीवर न धुणाऱ्या शाईनं. माडीवरून घोंगड्यांचं गाठोडं खाली आणू का विचारलं, तर म्हणाली, "वर लई धूळ हाय, तुला शिंका सुटतात. र्‍हाऊ दे." आई तरी माझ्या शिंकांची एवढी काळजी करत नाही.


२४ सप्टेंबर, रविवार

दिवसभर पट्ट्या लिहिल्या. सिदू, नांदूरघाट. सिदू, नांदूरघाट. आबा माग थांबवून मधूनच येऊन बघत होते. त्यांना वाचता येत नाही. एक पट्टी उचलून विचारलं, "हे मीच का समदं?"

"तुम्हीच."

"लई झालो की मी," म्हणाले आणि हसत परत खड्ड्यात उतरले.


२९ सप्टेंबर, शुक्रवार

यू.पी.एस. घेतला. लाइट गेली तरी मशीन चालू ठेवणारा लोखंडी डबा. त्याच्यासाठी माझे चांदीचे तोडे मोडले. आईला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तिनं मलाच मोडलं असतं.

सराफाकडं शिवानी बरोबर आली. तो घट म्हणून किती कापत होता, हिनं त्याला असा धारेवर धरला की शेवटी तोच हात जोडायला लागला. बाहेर आल्यावर मात्र तिचे डोळे भरले. म्हणाली, "बबे, अजून विचार कर. नको मोडूस." मी म्हटलं, आबांच्या जिवापुढं तोडे काय घेऊन बसलीस? तिनं डोळे पुसले. अशी मैत्रीण नशिबानं मिळते. सख्ख्या बहिणीचे तोडे गेल्यावरही कोण रडतं आजकाल?

डबा बसवला, हातमाग निवडलं, मशीनवर कागद चिकटवला : 'हातमाग. कर नाही. कोणीही हात लावू नये.'


३ ऑक्टोबर, मंगळवार

गिरणी. आठ टक्के. डबा चालू, कागद जागेवर, आणि कर छत्तीस रुपये.

मी बूथमध्ये जाऊन त्रिंबकवर अशी ओरडले की बूथवाल्यानं दार लोटून घेतलं. तो पहिल्यांदाच पूर्ण जागा झाल्यासारखा बोलला, "मॅडम, ऐकून घ्या. प्रोग्रामला गिरणीही कळत नाही आणि हातमागही कळत नाही. तुम्ही केजमधनं जे दाबता ते तो इथं लिहून ठेवतो. लाइटीचा काही संबंध नाही. तुमच्याकडंच कोणीतरी निवडतंय."

"आमच्याकडं दोघीच आहोत," मी म्हटलं.

"मग दुसरीला विचारा."

फोन आपटला. ह्याची चूक झाकायला हा माझ्या मैत्रिणीवर घालतो! ह्याला माणूस म्हणायचं? शिवानीला सगळं सांगितलं. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "जाऊ दे, वाद घालू नकोस त्याच्याशी. दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ." मनाची लई मोठी आहे.


१० ऑक्टोबर, मंगळवार

दसरा झाला. काल मुकादम आसाराम घरी आला होता. टोळी भरत आलीय, दोन कोयते कमी आहेत, उचल आणलीय, घेता का म्हणाला. आई आबांकडं बघत होती आणि आबा माझ्याकडं. मी म्हटलं, थांबा. आबा आसारामला म्हणाले, "पोरीनं शबुद दिलाय. तू दुसरं जोडपं बघ." तो जाताना म्हणाला, "सिदूबा, मागनं मला काऊन न्हाई सांगितलं म्हनू नका." चांगला मुकादम आहे, आजारपणाला पैसे कापत नाही. तो गेल्यावर आई चुलीजवळ बसून राहिली, चहा टाकायचंही विसरली.

आज केजला पोस्टमन भेटला. सायकल हातात धरून चालत होता. म्हणाला, "ताई, तुमच्या घोंगड्यांनी कंबर मोडली बघा माझी." महिन्याला तीन घोंगड्या आणि कंबर म्हणे! धोंडप्पाकाकांच्या दुकानाची पार्सलं असतील ती, ह्याला फरक काय कळतो? मी पण म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो.

शिवानीनं नवी लूना घेतलीय. काकांनी दिली म्हणाली. चावी माझ्या हातात देऊन म्हणाली, शीक तू पण.

कर आठच होता. मी शून्य केला. आता हात आपोआप चालतात.


१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज अक्षर वाईट येतंय.

शिवानी लातूरला गेलीय, आत्याच्या मुलीच्या साखरपुड्याला. धोंडप्पाकाकाही गेलेत. दुकानात नोकर होता. पोस्टमन पार्सलं न्यायला आला आणि विचारायला लागला, आजची कुठं आहेत. नोकर म्हणाला, माडीवर बांधून ठेवलीत, ताई तेवढी उतरवता का? मी वर गेले. धूळ नव्हती. झाडून लख्ख केलेली माडी, आणि भिंतीला लागून खोक्यांची थप्पी, प्रत्येकावर शिवानीच्या अक्षरात पत्ते, पुणे, ठाणे, नाशिक. मला वेड्यासारखा आनंद झाला. म्हटलं, उठला! माल उठला! मला दिवाळीला एकदम सांगणार होती वाटतं.

एक खोकं नीट बांधलेलं नव्हतं. आतली घोंगडी हाताला लागली आणि मी हात मागं घेतला. मऊ होती. घोंगडी मऊ नसते. मी जन्मले तेव्हा पहिल्यांदा जे अंगाला लागलं ते आबांची घोंगडी. ती टोचते, तिला मेंढराचा आणि खळीचा वास असतो. ह्याला कसलाच वास नव्हता. काळं, सरळ, मशीनवर शिवलेल्या काठाचं गिरणीचं ब्लँकेट. आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरातली पट्टी. सिदू, नांदूरघाट.

सगळी खोकी फोडली. नोकर खालून हाका मारत होता. सगळ्यांत तेच. सगळ्यांवर सिदू.

आबांची घोंगड्यांची गाठोडी मागच्या कोपऱ्यात होती. पहिलं सुटलेलं, त्यातल्या थोड्या गेलेल्या. बाकीची तशीच. आईनं मारलेल्या गाठीसुद्धा कोणी सोडल्या नव्हत्या.

मी तिथंच खाली बसले आणि मग ते छत्तीस रुपये डोक्यात शिरले. कर बरोबर होता. पहिल्यापासून बरोबर होता. माल गिरणीचा, कर गिरणीचा. त्या अख्ख्या दुकानात एकच ओळ खरी होती आणि मी इतके दिवस येऊन-जाऊन तीच खोडत होते.

त्रिंबक, मी तुला काय काय बोलले रे.


२० ऑक्टोबर, शुक्रवार

आज ती होती. काकाही होते. मी ब्लँकेट काउंटरवर टाकलं. बोलायचं लई ठरवून गेले होते, तोंडातून एवढंच निघालं, "शिवे, हे काय आहे?"

तिनं नाही-बिही केलं नाही. त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाली, "मागच्या बाजूला चल, सांगते."

"इथंच सांग."

मग सांगितलं. पहिल्या डझनातल्या दोन परत आल्या. खाज सुटते, वास येतो, असं गिऱ्हाइकानं लिहिलं. आणि मग अचानक ऑर्डरी वाढल्या, आठवड्याला वीस, पंचवीस. "तुझे आबा चार दिवसाला एक देणार. मी काय करायचं होतं? वडिलांच्या व्यापाऱ्याकडनं माल मागवला. तुला दिवाळीला सांगणारच होते बबे, वाटा देणारच होते. शपथ."

"आणि कर?"

ती खाली बघायला लागली. बोलले ते धोंडप्पाकाका. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज देवळात बोलावं तसा. "हे बघ पोरी, सरकारचा एक पैसा आमी बुडवला न्हाई. माल गिरणीचा हाय, तर गिरणीचा कर लावला आन् चलन भरलं. तू येऊन शून्य करायचीस, मग तो कर मला खिशातनं भरावा लागायचा. म्हणून शिवानी परत बदलायची. विक्रीकराच्या साहेबाला मी लई भितो. म्या आजवर खोटं चलन भरलेलं न्हाई."

"आणि माझ्या आबांचं नाव?"

"नावाला कुठं कर लागतोय?" ते म्हणाले. खरंच विचारत होते. त्यांना त्यात काही दिसतच नव्हतं.

मी शिवानीकडं वळले. "मी तोडे मोडले तेव्हा तू बरोबर होतीस. सराफाशी भांडलीस माझ्यासाठी. तुला माहीत होतं लाइटीनं काही होत नाही. माझ्यासोबत काऊन आलीस?"

"मी तुला नको म्हटलं होतं."

"एवढंच म्हटलं होतंस!"

"तू ऐकत नव्हतीस बबे." मग अगदी हळू म्हणाली, "आणि मशीनला तो डबा लागणारच होता."

सुरीनं गळा कापला असता तर बरं वाटलं असतं. तीन वर्षं एका ताटात जेवले मी हिच्याबरोबर. ती रडत होती. सराफाच्या दुकानाबाहेरही अशीच रडली होती आणि मी त्या रडण्याला भाळले होते. मी तिला हात लावला नाही. काका नोकराला म्हणाले, पोरींना चहा सांग.

मशीनजवळ गेले. आबांचा फोटो काढला, नाव काढलं, 'विणणार' ही ओळ काढली. कराच्या ओळीला हात लावला नाही. माझा कागद फाडून घेतला. डबा उचलणार होते, पण लई जड होता आणि मला आईच्या गाठोड्यांना दोन्ही हात लागणार होते. नोकरानं ती एस.टी.च्या टपावर चढवून दिली.


२३ ऑक्टोबर, सोमवार

तीन दिवस घरात खोटं बोलले. गाठोडी परत आणली ती धुवायला म्हणून, असं सांगितलं. आईनं तिच्याच गाठी तशाच बघितल्या आणि गाठोडी उचलून आत ठेवली. काल आसारामची टोळी गेली. त्याचा ट्रक आमच्या रस्त्यानं गेला, बायका वर बसून गात होत्या. आबा माग सोडून बाहेर आले आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभे राहिले. मग मला सहनच झालं नाही.

आज दुपारी सगळं सांगितलं. परत आलेल्या दोन घोंगड्या, खोकी, पट्ट्या, कर, तोडे. आई तोड्यांवर रडली, मग शिवानीला शिव्या घातल्या, तिच्या सात पिढ्यांना घातल्या. मला ते ऐकून बरं वाटलं. आबा ऐकत होते, हातातला धोटा तसाच धरून.

"माझ्या नावानं किती गेल्या म्हनलीस?"

"दोनशेच्या वर."

"आन् त्या परत न्हाई आल्या?"

"नाही."

ते मान हलवत राहिले. मला वाटलं आता शिवानीला काहीतरी बोलतील, धोंडप्पाला बोलतील, केजला जातो म्हणतील. मी वाट बघत होते. त्यांना बोलायचं होतं ते माझ्याशी.

"बबे, तू आठवड्यातनं दोनदा जात हुतीस न्हवं?"

"हो."

"घोंगडी माडीवर हुती, तू खाली हुतीस."

"हो आबा."

"एकदा बी वर जाऊन हात लावून बघितलं न्हाईस?"

त्यांनी आवाज चढवला असता तर निदान भांडता आलं असतं. मैत्रिणीनं फसवलं, हे मी त्यांना सांगायला बसले होते आणि ते माझ्याकडं असे बघत होते की फसवणारी त्यांच्या समोरच बसलीय. शिवानीवर विश्वास ठेवायला मला कधी जड गेलं नव्हतं. त्यांनाही माझ्यावर ठेवायला जड गेलं नव्हतं.

आबा उठले. मागावरची अर्धी विणलेली घोंगडी मध्येच कापली आणि ताण्याचे दोर सोडले. आईला म्हणाले, "आसाराम गेला, पर कड्याच्या कारखान्यावर अजून टोळ्या लागत्यात म्हनं. सकाळी निगू. कोयते काढ."

आई कोयते काढायला गेली. मी मदतीला उठले तर आबा म्हणाले, "तू र्‍हाऊ दे."